घरात बसून घातलेली गळ

पिंपरी, मार्च १९५७

प्रिय शांतवनदादा, सलाम.

तुझ्यासारखे चर्चचा पाळक होण्याचे शिक्षण अर्धे टाकून मी इथे कारखान्यात लागलो, तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. माझ्या मुलीचे, रूथचे लग्न ईस्टरनंतर आहे. ते तूच लावावेस, अशी चार पत्रांतून तुला गळ घातली. एकाचेही उत्तर नाही.

रविवारी उपासनेनंतर मी पवनेवर मासे धरायला बसतो. रात्रभर हाती काही न लागूनही पेत्राने येशूच्या शब्दावर पुन्हा जाळे टाकले; तीच चिकाटी आपल्यात आली, असे वाटत होते. आज शेजारी बसलेल्या रहाटणीच्या कोंडाजींना चार पत्रांचे सांगितले, तर ते हसायलाच लागले.

"आवं भाऊ, घरात बसून कुनी गळ घालतंय व्हय? काठावर यावं लागतंय, चिखलात बसावं लागतंय!"

तेव्हा शुभवर्तमानातली विधवा आठवली. तिने न्यायाधीशाला पत्रे लिहिली नव्हती; न्याय मिळेपर्यंत ती त्याच्याकडे येतच राहिली.

म्हणून हे पाचवे पत्र पेटीत टाकत नाही. ते खिशात घालून शनिवारी रूथला घेऊन नगरला येतो. दार उघडले नाहीस, तर ओट्यावर बसेन. बसायची मला आता सवय आहे.

तुझा धाकटा,
दावीद