सर्व फळे वाटून घ्यावीत

गुरुवार, संध्याकाळचे साडेसात

प्रिय मावशी,

वाकून नमस्कार, आणि मी अजून वाकलेलाच आहे असं समज, कारण मान वर करावी असं या आठवड्यात काही उरलेलं नाही. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्यावर तू गच्चीवर गेली नसशील अशी आशा आहे (गेली असशीलच). काका कानाचं यंत्र आता कानात घालतात, की ते अजून चष्म्याच्या डबीतच राहतं? मी शरीराने ठीक आहे. तुझ्या मागच्या पत्राखालचे अनेक आशिर्वाद पोचले. ते लागू पडले नाहीत, पण त्यात तुझा दोष आहे असं मी म्हणणार नाही. थोडा आहे. तो कुठे ते पुढे येईलच.

गेल्या महिन्यात मी तुला बिनदुधाचं काही गोड सुचव असं लिहिलं, तेव्हा पोट बिघडल्याचं कारण दिलं होतं. पोट ठणठणीत होतं. आता खरं सांगतो. आमच्या दुकानात (रबरी शिक्के, दारावरच्या पाट्या, तातडीचं काम त्याच दिवशी) काउंटरला जी बसते, ती दूध, लोणी, मध, थोडक्यात जनावराच्या वाटणीचं काहीही खात नाही. दुकानात कुणाकडे काही चांगलं झालं की मिठाईचा डबा सगळ्यांपुढून फिरतो. तिच्यापुढून तो तसाच पुढे जातो आणि ती दर वेळी "छान दिसतंय" म्हणते. दोन वर्षं मी ते "छान दिसतंय" ऐकतो आहे आणि दर वेळी माझ्या वाटची मिठाई कागदात गुंडाळून खिशात घालतो. येत्या शनिवारी तिचा इथला शेवटचा दिवस. चार तासांवरच्या गावी तिला दुसरी नोकरी लागली आहे. या दोन वर्षांत मी तिच्याशी जे काही बोललो ते सगळं पाट्यांच्या मापांत आहे: बारा बाय चार, पांढऱ्यावर काळं, भोकं दोन की चार. तोंडाने बोलणं मला जमत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? माझी शाळा आठवीत सुटली, तीसुद्धा मला पुढे शिकायचं आहे हे मी वेळेवर बोललो नाही म्हणून. तेव्हा ठरवलं की या खेपेला पुडिंगने बोलावं.

तुझी कृती मी अकरा वेळा वाचली. दोन माणसांसाठी दोन केळी, चार खजूर, एक वाटी नारळाचं दूध, चार चमचे चियाच्या बिया. बिया रात्रभर दुधात भिजव, सकाळी फळं वाटून घे, दोन्ही एकत्र कर, झालं. तू शेवटी लिहिलं होतंस की हे लहान मूलही करील. हे वाक्य तू लिहायला नको होतंस, कारण आता ते मला रात्रंदिवस ऐकू येतं. असो. एकट्या तिलाच वाटी दिली तर दुकानात बोभाटा होईल, म्हणून मी दुकानातल्या नऊही जणांचा हिशेब मांडला. माणशी दोन केळी धरून अठरा केळी, छत्तीस खजूर आणि छत्तीस चमचे बिया. (माणशी एकच केळं लागणार होतं हे मला आज कळलं. दोन माणसांची कृती मी एका माणसाची धरून नवाने गुणली. आठवीपर्यंतचं गणित आहे, त्यामुळे याला मात्र शाळेचं निमित्त देता येत नाही.) चमचा माझ्या खोलीत एकच आहे, वाढायचा. तोच छत्तीस वेळा वापरला, काठोकाठ, वर बोट फिरवून.

माझ्या घरमालकीणबाईंना मिक्सरचा आवाज चालत नाही. त्यांच्या मते त्याने भिंती हलतात. म्हणून मी सगळं सामान बुधवारी संध्याकाळी दुकानात नेलं. तिथे मागच्या बाजूला एक ओटा, लहान फ्रिज आणि मिक्सर आहे आणि तो कारभार चहाच्या काकूंकडे असतो. काकू सकाळी आठला येतात, मी दहाला. मी बिया नारळाच्या दुधात कालवून मोठ्या बरणीत भरल्या, झाकण घट्ट लावून बरणी फ्रिजमध्ये ठेवली आणि फळं ओट्यावर मांडून त्यांवर काकूंसाठी चिठ्ठी ठेवली. चिठ्ठी हाताने नाही लिहिली. हाताचं अक्षर कुणी काहीही वाचतं. नीट टाइप करून, जाड ठशात, चौकटीत छापून काढली. तुझं "वाटून घे" काकूंना कसं म्हणायचं, त्या वयाने मोठ्या, म्हणून मी ते आदरार्थी केलं. चिठ्ठी अशी होती:

"सर्व फळे वाटून घ्यावीत. बरणीस हात लावू नये."

मावशी, या चिठ्ठीत शुद्धलेखनाची एकही चूक नाही. मी ती तीनदा तपासली. दुकानात मला काना-मात्रा म्हणतात ते उगाच नाही. दोन वर्षांत माझ्या हातून गेलेली एकही पाटी चुकीची म्हणून परत आलेली नाही, आणि मालकांनी हे पाहुण्यांसमोर दोनदा बोलून दाखवलं आहे.

सकाळी मी केस कापून, शर्टाला इस्त्री करून दहाला पाच कमी असताना पोचलो, तेव्हा दारातच टपाल आणणारे गृहस्थ केळं खात उभे होते. त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. आत मशीनवाले दादा (पाट्या कापायचं मशीन ते चालवतात) दुसरं केळं सोलत होते, मालक खजुराच्या बिया एका शिक्क्याच्या डबीत जमवत होते आणि काकू प्रसन्न चेहऱ्याने रिकामी परडी धुऊन उपडी घालत होत्या. काकूंनी चिठ्ठीचा शब्द न् शब्द पाळला होता. सर्व फळे त्यांनी वाटली. अठरा केळी, नऊ माणसं, माणशी दोन, बरोबर भाग गेला, त्यामुळे त्यांना शंका घ्यायला जागाच उरली नाही. माझ्या वाटची दोन मात्र त्यांनी टपालवाल्यांना दिली, कारण ज्याच्याकडचं कार्य असतं तो आधी पाहुण्यांना देतो.

कार्य कसलं, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच पडली नाही, कारण पुढच्या पाच मिनिटांत ते मला सात जणांनी सांगितलं. दोन वर्षांत ज्याने कुणाला चहा पाजला नाही, तो माणूस एकाएकी छापील सूचना लावून फळं वाटतो, आणि वर केस कापून, इस्त्रीचा शर्ट घालून येतो. दादा म्हणाले, बोलत नाही बोलत नाही आणि गपचूप उरकून मोकळा. मालक म्हणाले, मुलीकडच्यांची पाटी आपल्याकडेच करायची, सवलतीत. मी नाही नाही म्हणत होतो, पण लग्न ठरलेला माणूस नेमका तसंच नाही नाही म्हणतो.

तेवढ्यात फ्रिजमधून आवाज आला. बियांचं तू मला सांगितलं नव्हतंस, मावशी. त्या फुगतात. थोड्याथोडक्या नाही, सासरच्या माणसांसारख्या फुगतात. झाकण उडालं होतं आणि तो सगळा करडा, बुळबुळीत ऐवज मधल्या फळीवरून खालच्या फळीवर उतरला होता, तिथून मालकांच्या जेवणाच्या डब्याभोवती वेढा घालून घट्ट बसला होता. काकूंनी दार उघडून पाहिलं आणि मला शांतपणे म्हणाल्या, बाळा, मी हात लावला नाही हो. (खरं आहे. चिठ्ठीत तसंच लिहिलं होतं.)

मी खरवडून दोन वाट्या भरल्या. फळ नाही, गोडी नाही, नुसत्या बिया. पण दोन वर्षांनी एकदा धीर केला होता, तो वाया घालवायचा नाही म्हणून त्या घेऊन काउंटरला गेलो. तिच्यापुढे दोन केळ्यांच्या साली नीट घडी करून ठेवल्या होत्या. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "अभिनंदन." मग पावतीपुस्तकाकडे बघत, "मला वेगळंच वाटलं होतं."

मावशी, मराठीत वाटणे हे एक क्रियापद आहे आणि त्याने माझं वाटोळं केलं. मला जे मिक्सरमध्ये वाटायचं होतं ते काकूंनी माणसांत वाटलं, आणि त्यामुळे तिला जे वाटलं होतं ते तिला आता वाटत नाही. तिला काय वाटलं होतं हे विचारायला पाच शब्द लागले असते. मी वाट्या काउंटरवर ठेवल्या आणि म्हणालो, बारा बाय चारच्या पाट्या संपत आल्यात.

टेबलाशी येऊन मी एक वाक्य टाइप केलं, "माझे लग्न ठरलेले नाही", त्याचा नमुना छापून तपासला आणि तो घेऊन पुन्हा काउंटरला गेलो. आमच्याकडे अशी पद्धत आहे की मी मजकूर जुळवून नमुना छापतो, ती तो गिऱ्हाइकाला दाखवून मंजूर करून घेते आणि मग तो दादांच्या मशीनकडे जातो. त्यामुळे दोन वर्षांच्या सवयीने माझ्या हाताने तो कागद तिच्या हातात न देता नमुन्यांच्या ट्रेमध्ये ठेवला. तिने उचलून वाचला.

"कुणाची ऑर्डर?"

"एका गृहस्थांची."

"पाटी की शिक्का?"

मी शिक्का म्हणालो. का म्हणालो ते देव जाणे.

"बरोबर आहे," ती म्हणाली, "रोज लागत असेल त्यांना."

आणि तिने तो मंजूर कागदांत लावला. उद्या दुपारपर्यंत शिक्का तयार होईल. लाकडी मुठीचा. घ्यायला कुणीही येणार नाही. शनिवारी संध्याकाळी ती जाईल, माझं लग्न ठरलं आहे असं समजून जाईल, आणि मी इथे दुसऱ्यांच्या दारांवरची नावं तपासत म्हातारा होईन. फ्रिज पुसला. मालकांचा डबा निघाला, पण माझा चमचा अजून आतच चिकटला आहे.

काकांना नमस्कार (मोठ्याने सांग). तुझे आशिर्वाद असू देत, ते बहुधा उशिरा लागू पडतात.

तुझा भाचा

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. शनिवारी सकाळी अकराला आमच्या दुकानात फोन कर. फोन तीच उचलते. माझ्या भाच्याचं लग्न ठरलं असं ऐकलं, आम्हाला कसं कुणी कळवलं नाही, असं जरा रागावून विचार. तुला रागावणं चांगलं जमतं. बाकी ती समजेल. पुडिंगबद्दल काही बोलू नकोस.

ता. क. २. आज शुक्रवार. पाकीट चिकटवताना लक्षात आलं की पत्र तुझ्याकडे पोचायला चार दिवस लागतात. म्हणजे तुझा फोन फार लवकर आला तरी मंगळवारी येईल, आणि तो मी उचलीन. तुला इथून फोन करावा, तर तुमच्याकडे काका उचलतात आणि तीनदा "कोण" विचारून ठेवून देतात. वरची विनंती रद्द समज.

ता. क. ३. शुक्रवार, दुपार. दुकानाचं टपाल तिच्याकडे वजनाला जातं, म्हणून हे पाकीट मी तिकडे नेलं. तिने ते हातात तोलून विचारलं, काय आमंत्रणं का? मी पाकीट तिथेच फोडून पत्र तिच्यापुढे ठेवलं. एक गिऱ्हाईक ताटकळलं, तरी तिने सगळं वाचलं, कंसांसकट. हसली दोनदा, कुठे ते मला दिसलं नाही. मग तिने पेन्सिल घेतली आणि दोन ठिकाणी एकेक बारीक खूण केली (तुला दिसतीलच, पुसल्या नाहीत). म्हणाली, आशीर्वादातला श दीर्घ असतो, दुसरी वेलांटी. मावशी, या दोन वर्षांत मी आशीर्वाद नावाच्या घरांच्या तेवीस पाट्या जुळवल्या आहेत. तेविसांत पहिली वेलांटी. तेवीस वेळा तिने नमुन्यावर पेन्सिलने दुरुस्ती करून कागद परस्पर दादांकडे पाठवला आणि मला कळू दिलं नाही. का, असं मी विचारलं. (हो, विचारलं. तोंडाने.) ती म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मला फार वाईट वाटलं आहे. काना आणि मात्रा सांभाळता सांभाळता वेलांटी गेली, आणि सगळ्या दुकानात हे फक्त मलाच ठाऊक नव्हतं. नोकरी तिने घेतलीच आहे, त्यामुळे उद्या ती जाणार ते जाणारच. नवा पत्ता तिने माझ्या नमुन्याच्या मागच्या बाजूला लिहून दिला, आणि तिकडच्या खोलीत मिक्सर चालतो असं दोनदा सांगितलं. त्या दोन वाट्यांपैकी एक तिने काल खाल्ली होती, दुसरी आज खाल्ली. चव काहीच नाही म्हणाली. छान दिसतंय असं मात्र म्हणाली नाही. शिक्का दादांकडून तिनेच घेतला आणि पिशवीत टाकला. कशाला हवा, ते मी विचारलं नाही. एका दिवसाला एक प्रश्न पुरे.

तेव्हा फोन नको. फक्त एकच. मी शब्द शिकलो ते तुझ्या पत्रांवरून, आणि तुझ्या प्रत्येक पत्राखाली आशिर्वाद ऱ्हस्व आहेत, मी काढून पाहिली सगळी. यापुढे देशील ते दीर्घ दे.