गुलमोहरावरचा बोर्ड

गुरुवार संध्याकाळ, ठाकुर्ली

पालिकेच्या वृक्ष समितीवर मीनाची नेमणूक झाली. मीनाची! फुलं नसली की जिला गुलमोहर कुठला आणि सोनमोहर कुठला ते कळत नाही, तिची. आणि मला कळलं कसं, तर भाजी आणायला गेले आणि नाक्यावरच्या गुलमोहरावर तिच्या अभिनंदनाचा बोर्ड दिसला. खिळे ठोकून लावलेला. त्याच झाडाचे खिळे आम्ही दोघींनी गेल्या रविवारी पक्कड घेऊन उपटले होते.

नगरसेवकांच्या ऑफिसात तिला नेलं कोणी? मीच. एकटीने कशाला जायचं म्हणून. "बाई, तुम्ही कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलंत, तुमचंच नाव देतो," ते म्हणाले होते. ही शेजारी बसून मान डोलावत होती. मग एकटी कधी जाऊन आली? की आधीच ठरलेलं?

फोन केला. अभिनंदन काही तोंडातून निघेना. "मीना, खिळे ठोकलेत गं," एवढंच म्हटलं.

"अगं, कार्यकर्त्यांनी हौसेने लावलाय. त्यांना कुठे दुखवू? राहू दे ना चार दिवस."

राहू दे म्हणे! मीच काढते म्हणून चपला घातल्या. दारात आठवलं, पक्कड तिच्याकडेच आहे.