बटण तेवढं राहिलं

अहो,

घर सोडून त्या बाईकडे गेलात तरी तोंडात अजून ‘अहो’च येतं. सवयीचं मेलं असंच असतं.

तुम्ही गेल्यापासून प्रार्थनाच जमत नव्हती. चर्चमध्ये गुडघे टेकले की डोळ्यांपुढे तुम्हीच. शेवटी पाळकबाई म्हणाल्या, “गुडघे राहू देत. लाँड्रीत इस्त्री करतेस ना? ज्याचा कपडा हातात येईल, त्याच्यासाठी प्रार्थना कर.” बरोबरच्या बायका हसल्या, पण हळूहळू ते अंगवळणी पडलं. आता कॉलरवर इस्त्री टेकली की ओठ आपोआप हलतात: प्रभू, याला सांभाळ, याचं घर सुखात ठेव.

आज एक निळा शर्ट आला. कॉलर झाली, प्रार्थनाही झाली. मग बाही उलटली, तर कोपराजवळ मीच केलेलं रफू! तुमचा शर्ट. म्हणजे मी तुमचं घर सुखात ठेवायला सांगितलं, तुमचं आणि तिचं! इतकी चिडले की इस्त्री आदळली. प्रभूला म्हटलं, माझं बोलणं परत दे. तो कुठला देतोय! मग दुसरी बाही गुमान केली. नीट केली.

हे पत्र त्याच शर्टाच्या खिशात घालणार होते. नाही घालत.

एक बटण लोंबकळतंय. तिला दिसलं नसेल. सुई-दोरा समोरच होता. हात पुढे गेला, मी मागे घेतला.

देवानेही सगळं एकाच दिवशी मागू नये.

इस्त्रीवाली