गोळ्या वेळेवर घेते मी

१२ फेब्रुवारी, सोमवार

पार्लरमधले आरसे झाकून ठेवावेत असं आज वाटलं. कोपऱ्यावरच्या इंगवले काकू भुवया करायला आल्या. खुर्चीत बसायच्या आधीच — "संयोगिता, बाळसं धरलंस की! काय, गोड बातमी?"

बातमी अशी की माझंच शरीर माझं लिव्हर खातंय. ऑटोइम्यून हेपटायटिस. आणि हे बाळसं स्टेरॉइडचं आहे. गाल भाकरीसारखे फुगलेत, हनुवटीवर पुरळ. असल्या तोंडाची बाई दुसऱ्यांची तोंडं सुंदर करून देते म्हणे.

दोरा जरा जोरात ओढला.

१५ फेब्रुवारी

लिव्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे बाटलीच येते. गणपतराव मामांनी, माझ्या नवऱ्याच्या, सम्राटच्या मामांनी, आज फोनवर सरळ विचारलं, "पावणंरावळं आल्यावर घेता का काय तुम्ही?" चहासुद्धा दिवसातून एकदाच घेते मी. पण ज्या माणसाला डॉक्टर म्हणजे चोर आणि झाडपाला म्हणजे देव, त्याला काय समजावणार.

सासूबाईंचं — आत्तींचं — वेगळं. त्या विचारत नाहीत. नुसत्या बघतात. गोळ्यांचा डबा उघडला की असं बघतात, जणू मी विष खाते आहे.

या घरात तिरस्कार करायला माणसांची कमी नाही. एक सम्राट तेवढा वगळायचा. सकाळी त्याला मोबाईलचं दुकान उघडायची घाई असते, तरी मी दोन घास खाल्ल्याशिवाय गोळ्या हातात देत नाही. "उपाशीपोटी न्हाय म्हणलंय डॉक्टरनी." कॅल्शियमची संध्याकाळी, तीपण त्याच्याच लक्षात.

२६ फेब्रुवारी

रिपोर्ट! लिव्हरचा आकडा, एसजीपीटी, आठशेवरून चौऱ्याहत्तर.

डॉक्टर हसले नाहीत. हसणं त्यांच्या फीमध्ये बसत नसावं. कागदावर लिहीत लिहीत म्हणाले — प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, वीसवरून पंधरा, मग पुढच्या महिन्यात दहा. पायऱ्या उतरल्यासारखं उतरायचं, उडी मारायची नाही. एकदम बंद केली तर जिवावर बेतेल. दुसरी गोळी, अॅझाथायोप्रिन, पन्नासचीच. पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून रक्त मधून मधून तपासायचं.

मूल कधी होऊ द्यायचं, ते सम्राटनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "एक वर्ष आजार शांत राहू दे. मग बघू. अॅझाथायोप्रिन तेव्हाही चालू ठेवता येते, घाबरायचं कारण नाही."

परत येताना गाडीवर मीच बडबडत होते. चौऱ्याहत्तर!

३ मार्च

मामा कोडोलीहून आले. पिशवीत गुळवेलीची कांडी, आणि एका पुडीत तिचंच चूर्ण. सोफ्यावर पाय घेऊन बसले. "दोन म्हयन्यात इंग्रजी गोळ्या सुटत्यात का न्हाय बघ. आमच्यातल्या एकाची कावीळ ह्यानंच गेली." कावीळ गेली, का तो माणूस गेला, कुणास ठाऊक.

मी म्हटलं, "मामा, माझा डोस वजनावर आणि रक्तावर ठरतो. तुमचा कशावर ठरतो?"

"चिमटीवर," म्हणाले. अभिमानानं!

पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. आत्ती आत निघून गेल्या. सम्राट मामांना सोडायला स्टँडवर गेला.

१४ मार्च

तोंड कडू. जेवण जात नाही. आत्ती दुपारी ताक करून देतात, जिरं-हिंग घालून. तेवढं जातं. तेही कडूच लागतं, पण हल्ली पाणीही कडू लागतं.

२ एप्रिल

तीनशे नव्वद.

डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि आवाज न चढवता म्हणाले, "गोळ्या घेत नाही तुम्ही." घेते म्हटलं. "चेहरा सुजतो म्हणून बऱ्याच बायका सोडतात. पार्लर आहे ना तुमचं?"

गोळ्या वेळेवर घेते मी! हे वाक्य तीनदा म्हटलं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा खोटं वाटलं. या माणसानं पदव्या मिळवल्या, पण समोरची बाई खरं बोलते का एवढंही कळत नाही. "दुसरं काही घेता? काढे, चूर्णं?" नाही म्हटलं. त्यावरही विश्वास नाही.

सम्राट शेजारीच होता. एक शब्द बोलला नाही. काय बोलणार बिचारा, तोही घाबरला असेल.

४ एप्रिल

बारा वाजता गिऱ्हाईक नव्हतं म्हणून घरी आले. स्वयंपाकघरात आत्ती पाठमोऱ्या. ताकाचा पेला ओट्यावर, हातात पुडी. चिमटीनं चूर्ण टाकत होत्या.

वास घेतला. मामांची गुळवेल.

"किती दिवस?"

"तुझ्या भल्यासाठीच घातलं की," एवढंच. मान खाली.

मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. अडाणी, आतल्या गाठीची, जीव घेणारी. त्या उलटून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. बॅग भरली आणि गडमुडशिंगीला आईकडे आले.

५ एप्रिल

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, "गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवते म्हणून लोक घेतात. तुमची तीच शक्ती लिव्हरवर उलटली आहे. आम्ही गोळ्यांनी तिला झोपवतोय, तुमच्या घरचे तिला उठवतायत."

चूर्ण बंद. प्रेडनिसोलोन वाढवून तीस. दोन आठवड्यांनी रक्त. म्हणजे गालांची पुन्हा भाकरी.

माफी वगैरे नाही. अपेक्षाही नव्हती.

७ एप्रिल

सम्राट येऊन गेला. सफरचंदं आणली. "आईचं काय मनावर घेतीस, जुनं माणूस हाय. मी सांगितलंय तिला चांगलं." माझा हात हातात घेऊन बसला. आईलाही बरं वाटलं. आत्तींची कीव आली नाही, येणारही नाही. पण त्याच्यासाठी पुढच्या आठवड्यात परत जायचं ठरवलं.

११ एप्रिल

आत्ती आल्या. बसनं, एकट्या. दारातच बसल्या, पाणी घेतलं नाही.

"पुडी सम्राटनं दिलती. मामाकडनं ठेवून घेतलीती त्यानं. म्हणला, ताकात घाल, तिला कळू देऊ नको, गोळ्या लवकर सुटत्यात. वरीसभर कोण थांबतंय पोरासाठी."

"त्या दिवशी का बोलला नाहीत?"

"पोटचा हाय."

"मग आज का सांगताय?"

"काल दुसरी पुडी आणलीया त्यानं. तू परत आलीस की घालायची म्हणला."

आईनं दोघींची ताटं वाढली. माझा फोन वाजत होता, सम्राटचा. आत्तींनीच तो उचलून पालथा ठेवला.