पिवळी खूण माझी होती

मी, बिभीषण ज्ञानबा वाघमोडे, वय वर्षे बहात्तर, धंदा गिअरबॉक्स मिस्त्री (आता फक्त सल्ला, तोही न विचारता), मूळ राहणार तालुका सांगोला, सध्या राहणार जुळे सोलापूर, आज आपणहून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझं डोकं जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यावर ज्यांचा विश्वास नसेल त्यांनी माझ्याशी क्राऊन-पिनियनवर दहा मिनिटं बोलून खात्री करून घ्यावी. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नी बनाबाई हिचा आहे, पण तो लग्नापासूनचा असून कायदा तो धरत नाही, असं वकील नंदीश हत्तुरे यांनी सांगितलं आहे.

यापूर्वी २००९ साली मी एक मृत्युपत्र केलं होतं, ते रद्द समजावं. त्यात माझा धाकटा भाऊ गुंडा याच्याविषयी जे लिहिलं होतं ते खोटं होतं. हे नवं मृत्युपत्र मुख्यतः तेवढ्यासाठीच आहे. बाकीची कलमं ओघाने आली.

१. जुळे सोलापुरातलं माझं राहतं घर आणि बँकेतली सगळी ठेव माझ्या पश्चात बनाबाईची. तिच्या नंतर मुलगा युवराज याची. ती हयात असेपर्यंत घर विकण्याचा, भाड्याने देण्याचा किंवा तिचा तुळशीचा कट्टा हलवण्याचा अधिकार कोणालाही नाही. युवराजने पुण्याहून येऊन सुधारणा सुचवू नयेत.

२. माझे पाने, टॉर्क रेंच, डायल गेज आणि शिसवी पेटीतले मोजमापाचे कॅलिपर हे सर्व माझी पुतणी, गुंडाची मुलगी सृष्टी, हिला द्यावेत. ती विजेच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे. त्या गाड्यांना आमच्यासारखा गिअरबॉक्स नसतो, म्हणून मी तिची थट्टा करायचो असं लिहिलं असतं, पण इतकी वर्षं तिच्याशी बोलायला मला तोंड नव्हतं. परवा तिनेच सांगितलं, "काका, गिअर गेले, पण डिफरन्शियल तिथंबी हाय." ऐकून बरं वाटलं. मोठा बेअरिंग पुलर मात्र पेटीत सापडणार नाही. तो मेहुणा कोंडीबा १९९८ साली दोन दिवसांसाठी म्हणून वैरागला घेऊन गेला आहे. कोंडीबाला बाकी सगळं माफ आहे, पुलर माफ नाही.

३. ठोकळ्यांच्या मोटारीबद्दल. माझं हृदयाचं दुखणं निघाल्यावर डॉक्टरांनी गॅरेज बंद करायला लावलं. घरात बसून मी सगळ्यांना बोलून बोलून भंडावून सोडलं, तेव्हा युवराजने पुण्याहून एक खोका पाठवला. प्लास्टिकच्या ठोकळ्यांची जोडायची शर्यतीची मोटार, तीन हजार सहाशे तुकडे आणि वीटभर जाडीचं चित्रांचं पुस्तक. मी म्हटलं, पोराने म्हातारपणी खुळखुळा दिला. मग पुस्तक उघडलं. सुरुवात बॉडीपासून नव्हती, गिअरबॉक्सपासून होती. मी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.

हे कलम ज्यांना वाचून दाखवलं जाईल त्यांच्यासाठी थोडं समजावून लिहितो. दोन दांडे शेजारी शेजारी असतात, त्यांवर लहानमोठे गिअर. एका दांड्यावरचे गिअर मोकळेच फिरतात. मध्ये एक सरकती कडी असते. ती ज्या गिअरच्या दातांत जाऊन बसेल तो गिअर दांड्याला धरला गेला, बाकीचे मोकळे राहिले. स्टिअरिंगमागची पट्टी दाबली की एक ड्रम पाव वळसा फिरतो, ड्रम फोर्कला सरकवतो आणि फोर्क कडीला. आयुष्यभर जे मी काळ्या तेलात बोटांनी चाचपत ओळखलं, ते इथे लाल, पिवळ्या, निळ्या रंगांत उघडं दिसत होतं. फक्त एक गोष्ट उलटी. या मोटारीत इंजिन चाकांना फिरवत नाही, चाकं इंजिनाला फिरवतात. हाताने ढकलली की पिस्टन वरखाली होतात, पहिल्या गिअरला भराभर, वरच्या गिअरला सावकाश. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

मग डिफरन्शियल. हे मी हाताखालच्या लोकांना नेहमी मळणीवरून शिकवलं. तिवड्याभोवती, म्हणजे खळ्याच्या मधल्या खांबाभोवती, बैलांची पात फिरते तेव्हा आतला बैल थोडं चालतो आणि कडेचा त्याच वेळात जास्त. वळणावर गाडीच्या दोन चाकांचं तेच होतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एक घासत जाईल. म्हणून मध्ये क्राऊन, म्हणजे मोठं दातेरी चाक, आणि त्याच्या पोटात लहान गिअर, जे प्रत्येक चाकाला आपल्या चालीने चालू देतात. फक्त क्राऊन हा पिनियनच्या, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या लहान गिअरच्या, योग्य बाजूला हवा. बाजू बदलली की चाकं उलटी फिरतात.

या मोटारीची चारही चाकं जोडलेली, म्हणून पुढे एक आणि मागे एक अशी दोन डिफरन्शियल. दोन्ही बसवली, ढकललं, तर मोटार जागची हलेना. जोर केला तर आतून टकटक. पुढची चाकं गिअरबॉक्स एकीकडे फिरवू बघत होती आणि मागची दुसरीकडे. तीन दिवस मी पुस्तकाला शिव्या घातल्या, मग कारखान्याला, मग युवराजला. बनाबाई भाजी निवडता निवडता म्हणाली, "समद्यांचं चुकलं, तुमचं तेवढं बरोबर. मागल्या येळेलाबी असंच झालतं की." मी मोटार उलटी करून पाहिली. मागच्या डिफरन्शियलवर चुकीच्या बाजूला एक पिवळा ठिपका होता. तो मीच दिला होता.

४. पिवळ्या ठिपक्याचा खुलासा. आमच्या गॅरेजात डावं-उजवं म्हणत नाहीत, कारण गाडीखाली झोपलेल्याचं डावं वेगळं आणि उभ्याचं वेगळं. ड्रायव्हर साइड आणि क्लीनर साइड, एवढंच. पण डिफरन्शियल काढून टेबलावर घेतलं की त्याला ना ड्रायव्हर राहतो ना क्लीनर. म्हणून काढण्याआधी क्लीनर साइडला पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. तो मीच देणार, आणि एकदा दिला की त्यावर कोणी बोलायचं नाही, हा नियम मीच केला होता. ठोकळ्यांची मोटार जोडतानाही सवय गेली नाही. मागचं डिफरन्शियल मध्ये एकदा काढावं लागलं, तेव्हा काढल्यावर स्केचपेनने ठिपका दिला. पण त्याआधी खिडकीचा उजेड मिळावा म्हणून मोटार टेबलावर फिरवून घेतली होती. तिची क्लीनर साइड दुसरीकडे गेली आणि मला ते कळलंच नाही.

२००४ सालच्या दिवाळीआधी वैरागच्या बसलिंगप्पांची वडाप जीप, म्हणजे सीटवर पॅसेंजर भरणारी, मागच्या आवाजासाठी आमच्याकडे आली होती. सात रस्त्याजवळचं गॅरेज तेव्हा आम्हा दोघा भावांचं. घाईत मी डिफरन्शियल आधी काढलं, दाराकडून उजेड यावा म्हणून फिरवून घेतलं आणि मग ठिपका दिला. काम झाल्यावर गुंडा ते परत बसवत होता. त्या जीपला ते दोन्ही बाजूंनी बसतं. दोन बोल्ट लावून तो म्हणाला, "दादा, खूण उलटी वाटती की." मी म्हणालो, "खूण मी केलीय. तू बोल्ट आवळ." त्याने आवळले. जॅकवर चाकं फिरवून पाहिली. फिरतात हे सगळ्यांनी पाहिलं, कुठल्या दिशेने ते कोणीच पाहिलं नाही.

बसलिंगप्पांनी पहिला गिअर टाकला आणि जीप मागे गेली. घाबरून त्यांनी दुसरा टाकला, तर ती आणखी जोरात मागे गेली आणि सिद्धाराम बिराजदारच्या रसवंतीत शिरली. चरक आडवा, उसाच्या मोळ्या रस्त्यावर. कोणाला खरचटलं नाही. अख्खा सात रस्ता पोट धरून हसला. मला ते हसणं सहन झालं नाही आणि सगळ्यांसमोर मी गुंडाच्या थोबाडीत मारली. "नजर कुटं होती तुजी?" असं वर विचारलं. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, पाना जागेवर ठेवला, हात पुसले आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव 'रिव्हर्स गुंडा' पडलं. सोलापुरात एकाही गॅरेजने त्याला कामाला ठेवलं नाही. बायको आणि सहा वर्षांच्या सृष्टीला घेऊन तो मोडनिंबला गेला आणि हायवेवर पंक्चरचं दुकान टाकलं. गिअरबॉक्स कानाने ओळखणारा माणूस एकवीस वर्षं टायरच्या ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसला.

२००९ च्या मृत्युपत्रात मी जीपची चूक गुंडाचीच, असं लिहिलं होतं. त्याने खुणेबद्दल विचारल्याचं मी विसरलो होतो असं आता लिहिलं, तर हे मृत्युपत्रही पहिल्यासारखंच खोटं होईल. मला आठवत होतं. जीपचा ठिपका डिफरन्शियल काढण्याआधी दिला की नंतर, एवढंच मी स्वतःला कधी विचारलं नाही. ठोकळ्यांची मोटार हातात धरून त्या दुपारी ते विचारलं आणि उत्तर लगेच आलं. मला वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलंही, पण आधी सुटल्यासारखं वाटलं.

५. जोडलेली मोटार तशीच, चूक न सुधारता, खोक्यात घालून मी एसटीने मोडनिंबला गेलो. गुंडाचे केस पिकले आहेत. मी मोटार त्याच्या बाकड्यावर ठेवली. त्याने एकदा ढकलून पाहिली, उचलली, पालथी केली. पुस्तक नाही, चष्मा नाही.

"मागलं उलटं बसलंय," तो म्हणाला. "खूण कुणी केली?"

"मी."

"काढायच्या आदी का मागनं?"

"मागनं. त्या जीपलाबी मागनंच केलती, गुंडा."

एक मोटरसायकलवाला हवा भरायला आला, गुंडाने त्याची हवा भरली. मग बसून त्या काळ्या बोटांनी त्याने मागचा भाग सुटा केला, डिफरन्शियल फिरवून बसवलं आणि मोटार ढकलली. पिस्टन धडधड वरखाली झाले. पट्ट्या दाबून त्याने एकेक करत सगळे गिअर टाकून पाहिले, पुन्हा खाली आणले, पुन्हा वर. "लई भारी केलंय की," तो म्हणाला, कारखान्याला. मला म्हणाला, "च्या घेतो का?" माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि मी विचारलंही नाही. निघताना मी खोका पुढे केला तर म्हणाला, "राहू दे हितंच." म्हणून सदर मोटार या मृत्युपत्रात वाटणीला नाही. ती मोडनिंबला, ट्यूबच्या टपाशेजारी उभी आहे.

६. सात रस्त्याजवळची गॅरेजची जागा पत्र्याच्या शेडसह माझ्या एकट्याच्या नावावर आहे. माझ्या पश्चात तिचा निम्मा हिस्सा युवराजला आणि निम्मा माझा भाऊ गुंडा ज्ञानबा वाघमोडे याला मिळावा. गॅरेजच्या पाटीवर पूर्वी 'वाघमोडे बंधू' असं होतं. 'बंधू' वर मी रंग फासला होता. माझ्या मरणाची वाट न पाहता तो शब्द पुन्हा लिहायचा आहे. पिवळ्या रंगाचा डबा आणून ठेवला आहे.

७. माझ्या तेराव्याला सिद्धाराम बिराजदार याला जेवायला बोलवावं. त्याने जीपच्या प्रकारानंतर एकवीस वर्षं माझ्या ग्लासात रस कमी आणि बर्फ जास्त घातला. माझा त्याच्यावरचा राग मी मागे घेतो. तो आज साक्षीदार म्हणून समोर बसला आहे आणि हे ऐकून म्हणतो, "बर्फ समद्यांनाच तेवढा घालतो, मिस्त्री."

८. दुरुस्ती. आज सही करण्याआधी वकिलांनी मृत्युपत्र सर्वांसमोर वाचून दाखवलं. गुंडाला मी मुद्दाम बोलावलं होतं. चौथं कलम वाचून झालं तेव्हा तो उठून वकिलांच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, साक्षीदार म्हणून सही मी करतो. वकिलांनी समजावलं की ज्याला वाटणी मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे अडचण येते. त्यांनी सहावं कलम दाखवलं, तर गुंडाने विचारलं, "मग ह्ये माजं नाव खोडता का?"

मी म्हणालो, अरे, निम्मं गॅरेज आहे, वेडेपणा करू नकोस. तो माझ्याकडे वळला. "दादा, जागा मी कवा मागितली? ही खूण कुणाची हुती त्येवढं कागदावर यावं आन् त्येच्याखाली माजी सही असावी, येवढंच पायजे हुतं."

म्हणून सहाव्या कलमातला गुंडाचा निम्मा हिस्सा आता सृष्टी गुंडा वाघमोडे हिच्या नावे करावा. खोडलेलं नाव मात्र दिसेल असंच ठेवावं, पान नव्याने छापू नये. वकिलांचं याला मन नव्हतं, पण माझं होतं.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला आणि खरा आहे. दाखल्यात लिहिलेलं हृदयाचं दुखणं आहे तसंच आहे, पण छातीवर इतका कमी भार गेल्या एकवीस वर्षांत नव्हता.

लिहून देणार: बिभीषण ज्ञानबा वाघमोडे
(सही)

साक्षीदार १: सिद्धाराम बिराजदार, रसवंतीवाले, सात रस्ता, सोलापूर
(सही)

साक्षीदार २: गुंडा ज्ञानबा वाघमोडे, मिस्त्री, मोडनिंब
(सही, आणि सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलेलं: वाचलं. खरं हाय. खूण दादाची होती, बोल्ट मी आवळले.)

ठिकाण: सोलापूर
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५