पांढरी पट्टी, निळी पट्टी आणि हौसा

सोम. १२ जाने.
डावा गुडघा पुन्हा! सांजेला कट्ट्यावर हौसाच्या धारा काढताना वाटीखाली अशी कळ मारली की गुडघ्यांत धरलेली चरवीच निसटली. दूध फरशीवर, ताजं दूध प्याय आलेली गिऱ्हाईकं रिकामे पेले घेऊन उभी. पोटचा पोरगा संतोष सगळ्यांदेखत म्हणाला, "आई, बास आता. म्हस इकून टाकू." म्हणलं, आधी तुला इकते.

हौसा दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत न्हाय. संतोष बसला की लाथ. मी बसले तर म्हस राहणार, न्हायतर जाणार.

बुध. १४
संक्रांत. आज गोड बोलायचं म्हणून संतोषशी बोललेच न्हाय.

फिजिओथेरपीवाल्या मगदूमताईंकडं गेलते. पोरगी लहान, पण हात पक्का. वाटी बाहेरच्या अंगाला सरकतीया म्हणाली. पांढरी कडक पट्टी लावली, वाटी आत ओढून, कातडी चिमटून. माझी मला लावायला पण शिकवली. "काकू, थोडे दिवस उकिडवं बसू नका." म्हणलं, "अगं बसाय यावं म्हणूनच आलेय की तुझ्याकडं!" हसली. निळी, ताणणारी पण दिली. कुणाला कुठली मानवंल ते लावूनच कळतं म्हणे. दोन्ही तात्पुरत्या, खरं काम मांडीच्या व्यायामाचं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची. दाबते. काय बिघडतंय.

गुरु. १५
पां. प. लावून बसले. कळ जवळजवळ न्हाईच! पण हौसाबाई... मान वळवून गुडघा हुंगला, नाक फेंदारलं आणि पान्हा चोरला. थेंब न्हाय. त्या पट्टीला दवाखान्याचा वास येतोय, आणि सुया मारणाऱ्या ढोरांच्या डॉक्टरवर हिचा जुना राग. थोपटलं, पेंड दिली, शिव्या दिल्या. न्हाय म्हंजे न्हाय. शेवटी माझीच म्हस. संतोष लांबनं हसत हुता.

शनि. १७
आज नि. प., वाटीच्या दोन्ही अंगानं केळ्यासारखी वाकवून. मऊ. वास न्हाय. आंघोळीतनं पण निघाली न्हाय. पण कळ निम्मी राहिली, उठताना तर जास्तच. हौसानं मात्र चरवी भरून दिली.

म्हंजे पां. माझ्या गुडघ्याला, नि. म्हशीला. दात खाऊन निळीच लावायची.

मंगळ. २०
संतोषनं बिद्रीकडचा पावणा ठरवला. रविवारी म्हस बघाय येणार. मला न विचारता!! ताट ढकललं. "तुझ्या गुडघ्यासाठीच करतोय गं," म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला लिहू. मलाही भरून आलं. पण गुडघा माझा, म्हस माझी. ह्याचा बाप गेल्यावर त्याच कट्ट्यावर धारा काढून ह्याला वाढवला. तेव्हा कुणी म्हणलं न्हाय, बाई, बास कर. मोडंन, पण हलणार न्हाय.

गुरु. २२
टॉवेल दाबणं चालू. आज उठताना जमिनीला हात टेकला न्हाय. कुणाला सांगितलं न्हाय.

रवि. २५
सकाळी पावणा आला. मिशीवाला. पुढ्यात धार काढून दाखवल्याबिगर कोण म्हस घेत न्हाय. संतोष म्हणाला, "आई, तूच बस. तुझ्याच हाताला देतीया."

"बसते की."

आत गेले. निळी सोलली, पांढरी लावली. वाटी आत ओढून, कातडी चिमटून, ताईनं शिकवल्यागत.

लई दिवसांनी बिनकळीची बसले. हौसानं हुंगलं. नाक फेंदारलं. थेंब न्हाय. पावणं म्हणालं, "आटल्याली दिसतीया," चहा पिऊन गेलं.

संतोष रिकाम्या चरवीकडं बघत हुता. मग माझ्या गुडघ्याकडं बघितलं.

"आई... फसवलंस?"

"मी बसले न्हाय का? तिनं दिलं न्हाय. तिला इचार."

सांजेला कट्ट्याला निघताना संतोषनं निळ्या पट्टीचं रीळ पुढ्यात आणून ठेवलं. म्हणाला, "पुढच्या रविवारी दुसरा पावणा येतोय."

म्हणलं, येऊ दे की. पांढरी अजून लई उरलीया.