रीसला पूर्ण पैसे मिळालेच पाहिजेत

१२ जानेवारी, रविवार
हरलो. शेवटच्या मिनिटाला, तीन गुणांनी. ड्युलूथ हार्बरमेनचा, म्हणजे आमच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा, हंगाम संपला. चूक माझी नव्हती. मधून घुसलेल्या त्या माणसाला अडवायचं काम ओटिसचं होतं. ओटिस म्हणतो, गार्थचं होतं. ओटिस माझ्या डावीकडे उभा राहतो, त्यामुळे त्याला जे जे उजवीकडून येतं ते माझं वाटतं.

आजपासून रोजनिशी. वजन कमी करणार. ॲपल पाय खाणं बंद (एक तुकडा चालेल, रविवारी). उन्हाळ्यात परसात सौना बांधणार. गरम दगड, वाफ, गुडघ्याला कायमचा शेक. वय चौतीस. मी सेंटर, चेंडू मागे देऊन समोरच्याला अडवणारा. सेंटर चाळिशीपर्यंत खेळू शकतो. नीट खाल्लं तर.

१९ जानेवारी
रीसबरोबर तळ्यावर, बर्फाला भोक पाडून मासेमारी. रीस ऑल्डरमन, आमचा क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा. नऊ वर्षं त्याचा प्रत्येक चेंडू माझ्या दोन पायांमधून त्याच्या हातात गेलाय. एवढं जवळचं नातं फार थोड्या माणसांचं असतं.

त्याचा करार संपतोय. बिचारा गोंधळलाय. म्हणाला, गार्थ, एजंट म्हणतो वर्षाला साडेपाच कोटी डॉलर माग. पण मला वाटतं थोडं कमी घ्यावं, म्हणजे बाकीच्यांना उरेल.

मी त्याला झापलं. म्हटलं, वेडा आहेस का? तुझी किंमत आहे ती घे. एक दमडी सोडू नकोस. बाकीच्यांचं बाकीचे बघतील.

त्याचे डोळे भरून आले. थंडीही होती. म्हणाला, तू खरा मित्र आहेस.

मासा एकही नाही.

२० जानेवारी
रोंडाला सांगितलं. बायको दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करते, त्यामुळे समोरच्या माणसाने तोंड उघडून गप्प बसायची तिला सवय आहे. म्हणाली, तू त्याला पूर्ण घे म्हणालास? तू? अरे, लीगने प्रत्येक टीमला पगाराची एकच रक्कम ठरवून दिलीय ना? त्रेपन्न जणांनी मिळून तेवढ्यातच भागवायचं?

म्हटलं, कॅप म्हणतात त्याला. मला शिकवू नकोस.

म्हणाली, चर्चच्या जेवणात ओव्हनमधली हॉटडिश वाढायला मी असते. पहिल्याच माणसाने ट्रेचा चौथा हिस्सा उचलला की शेवटच्याला कडा खरवडाव्या लागतात.

समजावलं की फुटबॉल आणि हॉटडिश यात फरक आहे. आणि मी काही रांगेत शेवटी उभा नाही. मी रीसच्या बरोब्बर पुढे उभा असतो.

ती म्हणाली, वाकलेला.

६ फेब्रुवारी
पेलेटिये साहेबांनी कॉफीला बोलावलं. जनरल मॅनेजर. स्वतः! ऑफिसात नाही, बाहेर, बंदराजवळच्या दुकानात. याचा अर्थ मी आता आतल्या गोटात.

तास झाला तरी मूळ मुद्दा येईना. माझ्या वडलांची चौकशी केली (धक्क्यावर कच्चं लोखंड जहाजात भरण्यात त्यांचा जन्म गेला), गुडघ्याची केली, सौनाला कुठलं लाकूड चांगलं तेही विचारलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस. शेवटी म्हणाले, गार्थ, रीसला ठेवायचं तर मोठ्या माणसांनी मोठं मन दाखवायला हवं. तुझे नव्वद लाख आहेत यंदा. चाळीसवर येशील का? तू पुढे झालास तर बाकीची पोरं ऐकतील.

मोठी माणसं. पुढारी. जागच्या जागी हो म्हणालो.

कॉफीचे पैसे मी दिले. साहेब पाकीट विसरले होते.

६ फेब्रुवारी, संध्याकाळ
रोंडाने विचारलं, बदल्यात काय मिळालं? तीन वर्षांचा नवा करार? निदान या वर्षाची हमी?

म्हटलं, विश्वास मिळाला.

ती बराच वेळ भांडी घासत होती. भांडी दोनच होती.

२६ फेब्रुवारी
रीसने सही केली! पूर्ण साडेपाच कोटी! सगळं गाव हॉर्न वाजवतंय. पत्रकारांसमोर म्हणाला, माझ्यापुढे उभं राहणाऱ्या माणसांशिवाय मी कोणी नाही. 'माणसांशिवाय' म्हणताना त्याने कॅमेऱ्यात पाहिलं. ते माझ्यासाठी होतं. पेलेटिये साहेब म्हणाले, आता टीमचा कणा जपायचा. कणा म्हणजे कोण, हे वेगळं सांगायला नको.

सौनासाठी देवदाराच्या फळ्यांची ऑर्डर दिली. उत्तम प्रतीच्या.

११ मार्च
ओटिसला काढलं. आठ वर्षं माझ्या डाव्या खांद्याला खांदा लावून उभा होता. त्याच्या घरी गेलो. खोकी भरत होता. म्हणाला, तुझ्या मित्राचा पगार मोठा झाला, आमची खुर्ची गेली.

मी समजावलं की यात कोणाचा दोष नाही, कॅपचं गणित आहे.

ओटिस मला आडनावानेच हाक मारतो. म्हणाला, हापाला, पुढचं गणित तुझं आहे.

मनाला लावून घेतलं नाही. माणूस दुःखात काहीही बोलतो. त्याचा फ्रीझर गाडीत चढवून दिला. पाठीत उसण भरली.

१२ मार्च
दोन कॉर्नरबॅक, एक किकर आणि म्हातारा टकर यांनाही काढलं. आता मात्र नक्की जागा झाली. आता बास होईल.

रोंडा म्हणाली, तुझा एजंट काय म्हणतो? वेनला फोन केला. वेन म्हणाला, काळजी नको. आवाज गाडी चालवत असल्यासारखा येत होता. वेन फक्त दुसऱ्या कोणाकडे जात असला की गाडी चालवतो.

२४ एप्रिल
ड्राफ्ट. कॉलेजातली पोरं टीमा वाटून घेतात तो दिवस. रोंडाची बहीणही आली होती. पॉपकॉर्न. पहिल्याच फेरीत आमच्या टीमने घेतला... सेंटर. इझाया टुइलोमा. बावीस वर्षं. दारातून आडवं होऊनच जावं लागेल असा रुंद.

रोंडाच्या बहिणीला अचानक घरी काम आठवलं.

मला आनंदच झाला. हुशार टीम विमा उतरवते. घराचा विमा काढला म्हणजे घर जाळायचं असतं असं थोडंच आहे?

रोंडा म्हणाली, पहिल्या फेरीत विमा नाही घेत रे. पहिल्या फेरीत घर घेतात.

१३ मे
कोचने विचारलं, पोराला जरा शिकवशील? शिकवायला माझ्यासारखा दुसरा कोण? पोरगं गुणी. मला सर म्हणतं. जेवायला घरी आणलं. हॉटडिशचा अर्धा ट्रे संपवला आणि उठून ताट धुतलं. रोंडाला आवडला. त्यामुळेच तिचा चेहरा उतरला असावा.

२१ मे
इझायाला सगळं शिकवलं. समोरचा माणूस टाचेवर वजन देतो म्हणजे तो येणार नाही, हूल देतोय. रीस घसा खाकरतो म्हणजे बेत बदलला. घामाने चेंडू निसटू नये म्हणून टॉवेल कुठे खोचायचा. नऊ वर्षांत जमवलेलं आठवड्यात दिलं. पोराने सगळं उचललं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

थोडं दुसऱ्यांदा सांगितलं, मला बरं वाटलं म्हणून.

३० मे
फळ्या आल्या. काय वास! परसात रचून ठेवल्या. उद्या पाया खणणार.

२ जून
पेलेटिये साहेबांनी ऑफिसात बोलावलं. कॉफी नव्हती.

म्हणाले, गार्थ, हे माझ्यासाठी फार अवघड आहे. मी म्हटलं, साहेब, टेन्शन घेऊ नका, आणखी थोडं कमी करू. चाळीसचे तीस करा. वीस करा. साहेब टेबलाकडे पाहत राहिले. म्हणाले, तसं नाही रे.

मला काढलं.

एक जूननंतर काढलं की टीमला कॅपच्या हिशेबात सोयीचं जातं म्हणे. हे मला आज कळलं. घरी आलो तर रोंडाला फेब्रुवारीपासून माहीत. विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, बोलले होते. तू फळ्यांचे नमुने हुंगत होतास.

मग माझ्या शेजारी बसली. पाया खणायचा राहिला.

३ जून
रीस आला. हातात डोनटचं खोकं, डोळे लाल. दारातच उभा. म्हणाला, मला वर्तमानपत्रातून कळलं. मी पेलेटियेकडे गेलो, म्हटलं, माझ्यातले थोडे घ्या, गार्थला ठेवा.

मी विचारलं, मग?

म्हणाला, ते म्हणाले, हे जानेवारीत बोलायला हवं होतं.

मग तो रडायलाच लागला. एवढा मोठा माणूस, शहरातल्या सगळ्या बसवर ज्याचं चित्र आहे तो, माझ्या पायपुसण्यावर उभा राहून रडतोय. काय करणार? आत घेतलं. पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, तुझी काही चूक नाही रे. त्याला शांत करता करता डोनट मीच संपवले.

तो गेल्यावर रोंडा म्हणाली, नोकरी तुझी गेली ना? मला वाटलं त्याची गेली.

१८ जून
परिस्थिती उत्तम. वेन म्हणतो, तीन टीमांना रस आहे. नावं विचारली. म्हणाला, ते नाही म्हणालेले नाहीत. विचारलं, हो म्हणालेत का? म्हणाला, तसा थेट प्रश्न अजून टाकलेला नाही.

पहाटे टेकडी चढणार. उद्यापासून.

९ जुलै
दक्षिणेतल्या एका टीमने गुडघ्याचे फोटो मागवले! याला म्हणतात रस. दोन्ही गुडघ्यांचे पाठवले. चांगला उजवा वर ठेवला.

१७ जुलै
उत्तर नाही. बहुतेक फाइल उघडली नसेल.

१८ जुलै
पुन्हा पाठवले.

२१ जुलै
उत्तर आलं. फाइल उघडली होती.

२८ जुलै
आज सराव शिबिर सुरू. घरातूनच तयार राहायचं ठरवलं. बोलावणं आलं तर धावपळ नको. बॅग भरून दाराशी ठेवली. गॅरेजमध्ये भिंतीला गादी टेकवून तिला धडका मारल्या. गादी चांगली आडवी झाली. शेजारच्या मिसेस लिंडग्रेन विचारायला आल्या, सगळं ठीक आहे ना?

फळ्यांवर रोंडाने ताडपत्री घातली.

१० ऑगस्ट
इझायाचा फोन. सर, रीस खाकरला, मी बेत बदलला, पण त्याला खरंच सर्दी झाली होती. काय करू?

त्याला फरक सांगितला. सर्दीचं खाकरणं लांब असतं. करून दाखवलं. पोरगा म्हणाला, थँक्यू सर, तुम्ही देवमाणूस आहात.

हे टीमच्या कानावर जातच असणार. अशा माणसाला कोण सोडून देईल? म्हणजे, सोडलं आहे. पण परत न बोलावता कोण राहील?

२४ ऑगस्ट
रोंडाच्या मेहुण्यांनी विचारलं, बंदरावरच्या गोदामात देखरेखीला येशील का? नम्रपणे नाही म्हटलं. खेळाडूने मन विचलित होऊ देऊ नये. अवघं गाव रीसच्या नावाचे शर्ट घालून फिरतंय. किराणा दुकानात एकाने मला थांबवून विचारलं, तू हापाला ना? छाती फुगली. म्हणाला, रीसला सांग, आम्ही त्याच्या पाठीशी आहोत.

सांगतो म्हटलं.

३१ ऑगस्ट
टीमांनी आपले त्रेपन्न जण ठरवले. बत्तीस टीमा. फोन दिवसभर हातात. दुपारी वाजला. रोंडा होती. दूध आणायला सांगत होती.

वेनला केला. त्याचा नंबर बदललाय.

७ सप्टेंबर, रविवार
पहिला सामना. बघायचा नाही, हे ठरलेलं. होडी घेऊन तळ्यावर गेलो. पण गावातली निम्मी माणसं तळ्यावर, आणि प्रत्येक होडीत रेडिओ. पळून जायचं कुठे? एका म्हाताऱ्याच्या होडीजवळ गळ टाकला. माशांसाठी नाही. त्याचा रेडिओ जरा स्पष्ट होता.

सेंटरचं एक असतं. त्याचं नाव रेडिओवर आलं की समजायचं, काहीतरी बिघडलं. चेंडू निसटला, माणूस सुटला, क्वार्टरबॅक आडवा झाला. चांगल्या सेंटरचं नाव कोणी घेतच नाही. माझं आयुष्यभर फार थोडं घेतलं गेलं.

मी इझायाच्या नावाची वाट पाहत बसलो. हे वाईट आहे, माहीत आहे. पहिला हाफ गेला, नाव नाही. तिसऱ्या भागात समोरचे सगळे अंगावर आले. निवेदक ओरडला. मी होडीत उभा राहिलो, होडी डुलली, म्हातारा म्हणाला, बस की रे बाबा, बुडशील. रीसने फेकलेला चेंडू पोहोचला. टाळ्या. नाव नाही.

जिंकलो. जिंकले. चौदा गुणांनी. रीस, रीस, रीस. निवेदकाने किकरचं नाव घेतलं, कोचचं घेतलं, पेलेटिये साहेबांचं घेतलं, मैदानात शिरलेल्या कुत्र्याचंसुद्धा विचारून घेतलं. पोराचं एकदाही नाही.

घरी आलो. रोंडाने विचारलं, इझाया कसा खेळला?

म्हटलं, नाव नाही आलं.

इतक्या वर्षांत तिला तेवढं कळतं. म्हणाली, एकदाही?

म्हटलं, एकदाही नाही.

ती मला जेवायला वाढायला उठली. मी गोदामाचा पत्ता विचारला.